हाय म्हणजे हो नव्हे

दुचाकींची शेड मी चुकीच्या जागी बांधायला लावली.

म्हणजे खड्डे मी खणले नाहीत आणि पत्रेही मी ठोकले नाहीत. मी फक्त 'हो' म्हणालो. तेही माझं नव्हतं, शेजारी उभ्या असलेल्या जपानी गृहस्थांचं होतं. चाकणच्या एमआयडीसीत ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून माझा तो पहिलाच आठवडा. आमचे प्लांटहेड निकम साहेब हातवारे करून सांगत होते की कामगारांच्या गाड्यांसाठी मागच्या गेटापाशी शेड टाकू. जपानहून आलेले सल्लागार ओकुदा-सान दर वाक्याला मान हलवत 'हाय', 'हाय' करत होते. साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "हो म्हणतायत." आठवडा संपायच्या आत लोखंडी खांब उभे राहिले. मग ओकुदा-सान तिथे आले, खांबांकडे बराच वेळ बघत राहिले आणि अत्यंत नम्रपणे मला म्हणाले, की शेड छान होईल, फक्त माल न्यायला येणारा कंटेनर आता वळणार कुठून?

जपानी माणूस 'हाय' म्हणतो तेव्हा बरेचदा त्याला एवढंच म्हणायचं असतं, की तुमचं ऐकतोय, बोला पुढे. आपण फोनवर 'हं, हं' करतो ना, तेच. पुण्याला ज्या बाईंकडे मी जपानी शिकलो, त्यांनी हे नीट शिकवलं होतं. त्या दिवशी मी वर्गात हजरही होतो. फक्त शेवटच्या बाकावर होतो आणि पुढ्यात वडापाव होता.

खांब उपटले. सिमेंटचे गोळे लागलेले ते खांब क्रेनने दुसरीकडे नेताना सगळी पहिली शिफ्ट चहाचे कप घेऊन बघायला उभी होती. मला कुणी काही बोललं नाही. जपानी कंपनीत चूक झाली की आधी विचारतात, ही कशी झाली. कुणी केली हे मागाहून. आपल्याकडे क्रम उलटा. निकम साहेबांनी क्रम उलटाच धरला होता, पण ओकुदा-सान पुढ्यात असल्यामुळे त्यांना नुसतंच माझ्याकडे बघत राहावं लागलं.

मी मूळचा भोसरीचा. म्हणजे वडील बीडकडून येऊन भोसरीत टर्नर झाले आणि मीही त्याच वर्कशॉपात काही वर्षं लेथवर लोखंड सोललं. मग कुणीतरी सांगितलं की जपानी येणाऱ्याला चाकणमध्ये मरण नाही, म्हणून पुण्याला संध्याकाळचा क्लास लावला. आता राहतो त्या काळेवाडीत, आमच्या गल्लीत मला अजूनही 'जपानी' म्हणतात. किराणावाला वहीत सुद्धा तेच लिहितो.

तर 'हाय'. शेडच्या प्रकरणानंतर या दोन अक्षरांनी माझा पिच्छाच पुरवला.

आमच्या लाइनीवर मंदाताई कड नावाच्या बाई होत्या. ठेकेदाराकडून लागलेल्या. जवळच्याच गावच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. कंपनीची आवारभिंत जिथे वळते तिथे पूर्वी त्यांचा बटाटा व्हायचा. त्यांचं काम ब्रेकच्या लोखंडी घरात रबरी सील बसवायचं. अंगठ्याने दाबत गोल फिरवायचं, की बसलं. हात यंत्रासारखा आणि तोंड त्याहून जोरात. "सील हाय, ट्रे हाय, समदं हाय, पर पुढचा मानूस कुटं हाय?" असं त्या ओरडायच्या आणि पलीकडे उभे असलेले ओकुदा-सान दर 'हाय'ला नकळत मान तुकवायचे. पहिल्या महिन्यात ते मला म्हणाले होते, की या भागातले लोक फारच होकारार्थी आहेत.

एकदा शेजारच्या कंपनीच्या गेटवर सभा चालू होती. "मॅनेजमेंट हाय हाय" अशा घोषणा. ओकुदा-सान गाडीची काच खाली करून भारावून ऐकत होते. मी अर्थ सांगितला. त्यांनी काच वर केली. मग थोड्या वेळाने विचारलं, की मग तुमच्यात कुणाला कबूल आहे असं म्हणायचं असेल तर काय ओरडतात? मी विचार केला आणि सांगितलं, की कबूल असेल तेव्हा आम्ही ओरडत नाही.

पुण्याहून येणाऱ्या एचआरच्या मुली सकाळी 'हाय सर' म्हणतात, त्यात ना होकार ना नकार, नुसता परफ्यूम. माझी आई म्हणायची, उगाच हाय खाऊ नकोस. आणि त्याच्याच जोडीला, कुणा गरिबाची हाय घेऊ नकोस. म्हणजे एक हाय खायची नाही आणि दुसरी घ्यायची नाही. चहाच्या टपरीवर शेजारच्या प्लांटचा एक जर्मन तंत्रज्ञ भेटायचा. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे 'हाय' म्हणजे शार्क मासा. साचे बसवायला आलेला एक चिनी गडी म्हणाला, आमच्यात जरा आवाज खाली नेऊन वर काढला की समुद्र. हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत मंदाताईंना सांगितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "समुद्र बी हाय, मासा बी हाय. मग कँटीनवाल्याला सांगा की कालवन कराया. रोज निस्तं पानचट वरन घालतोय."

आता पोरं म्हणतात, काका, दुभाषी कशाला पाहिजे, मोबाइल भाषांतर करतो. करतो ना. मोबाइलला 'हाय' ऐकवा, तो 'हो' सांगतो. मीही तेच सांगितलं होतं. फरक एवढाच की नंतर खांब उपटताना मी तिथे उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते. मोबाइल गरम होतो तो वेगळ्या कारणाने. ज्याला लाज वाटत नाही त्याच्या भाषांतरावर मी विश्वास ठेवणार नाही, मग तो कितीही महागाचा असो.

आमच्या धंद्याचे दोन नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिला: बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतात की' हे शेपूट लावायचं नाही. दुसरा: कानावर पडेल ते सगळं पोचवायचं, गाळायचं काही नाही. जपानीच्या बाई सांगायच्या, तुम्ही त्या खोलीत नाहीच असं समजा.

पहिल्या नियमाने माझी शोभा केली. सकाळच्या सभेत ओकुदा-सान म्हणाले आणि मी चोख मराठीत सगळ्या लाइनीला ऐकवलं: "माझी बायको मला सोडून जपानला परत गेली. एकट्याने जेवण जात नाही. मी आज थोडा उदास आहे, सांभाळून घ्या." दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी माझ्यासमोर पिठलं-भाकरीचा डबा ठेवला. "खावा भाऊ. भांडान हुतंच. पर येवढ्या लांब कशी गेली म्हनायची?" आमच्या गल्लीतला एक जण पेंटशॉपला होता. संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारात उभी. म्हणाली, "मी जपानला गेले असं ऐकलं. परत कधी येणार आहे मी, काही कळलं का?"

दुसऱ्या नियमाने माझी नोकरी घालवली. तेच सांगायला बसलोय.

लाइनीच्या बाजूने डोक्याच्या वर एक पिवळी दोरी गेलेली असते. कामात काही वावगं वाटलं की कुणीही ती ओढायची. दिवा लागतो, एक लहान मुलांच्या गाण्यासारखी धून वाजते आणि लाइन थांबते. मग सुपरवायझर धावत येतो आणि त्याने पहिला शब्द काय बोलायचा तेही ठरलेलं असतं: आभार. दोष निघो अथवा न निघो, आधी आभार. कारण एकाला खोट्या ओढण्याबद्दल बोलणी बसली की बाकीचे खऱ्या वेळीही हात वर करत नाहीत. जपान्यांची ही रीत ओकुदा-सान दर सोमवारी समजावायचे, मी दर सोमवारी मराठीत सांगायचो, लाइन दर सोमवारी मान हलवायची, आणि दोरी कोरी ती कोरीच. मी एकदा कौतुकाने म्हणालो, बघा, आपल्याकडे काहीच चुकत नाही. ओकुदा-सान म्हणाले, "काहीच चुकत नाही असं कुठे नसतं. लोक सांगत नाहीत." लोकांचंही बरोबर होतं. ठेकेदारीवरच्या माणसाला उद्या ये किंवा येऊ नको एवढंच सांगावं लागतं. दोरी ओढून आभार मिळतील यावर त्याने कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?

मंदाताईंनी ती ओढली.

सकाळची शिफ्ट होती. सील हाताला मऊ लागलं म्हणाल्या. धून वाजायला लागली तर अर्ध्या लोकांना ती कसली आहे तेच कळेना. एकाने खिशातला मोबाइल चाचपला. क्वालिटीवाले धावले, ट्रेमधली सीलं तपासली, दुसऱ्या ट्रेमधली तपासली, बसवलेली उचकटून पाहिली. सगळी बरोबर. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दिवशी सगळ्यांना नवे हातमोजे वाटले होते, जाड. त्यातून रबर मऊ लागत होतं. बस, एवढंच. मंदाताई चुकल्या होत्या. त्यांनी मोजे काढून सील दाबून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि परत कामाला लागल्या.

पण तोवर बराच वेळ गेला होता. ज्या मोटार कंपनीला आमचा माल जातो, तिथे साठा करत नाहीत. आमची गाडी पोचली की भाग थेट जोडायला घेतात. गाडी उशिरा पोचली. तिकडून निकम साहेबांना फोन आला. तो फोन मी केबिनबाहेरून ऐकला. साहेब एकही शब्द बोलत नव्हते आणि तरी मला सगळं ऐकू येत होतं. निकम साहेब वाईट माणूस नव्हेत. पावसापाण्यात मला काळेवाडी फाट्यापर्यंत त्यांनी किती वेळा सोडलंय. पण फोन ठेवून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"त्या बाईला उद्यापासून बंद करायचं," ते म्हणाले. "नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि दोरीला लोंबकळेल. दुपारी ओकुदा-सानसमोर विषय घेऊ. तुम्ही मोजकंच सांगा. ते हाय म्हणाले की झालं."

"हो साहेब," मी म्हणालो. हे 'हो' मात्र माझं स्वतःचं होतं. त्यात होकार किती आणि घाबरटपणा किती, याचं भाषांतर माझं मीच करून बसलो होतो.

दुपारी आम्ही चौघे मीटिंग रूममध्ये. ओकुदा-सान, निकम साहेब, मी आणि टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर, मंदाताई. घरात दोन माणसांचा पगार; त्यातला हा एक. मुलीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष. हे सगळ्या लाइनीला माहीत होतं, कारण त्या सील बसवताना सगळं सांगत असत.

निकम साहेबांनी सुरुवात केली. सील बरोबर होतं. लाइन विनाकारण थांबली. गिऱ्हाईक चिडलं. मी वाक्यामागे वाक्य जपानीत ठेवत गेलो. ओकुदा-सान खाली बघत प्रत्येक वाक्याला म्हणत गेले, हाय. हाय. हाय.

साहेब मंदाताईंकडे वळले. "बघा ताई, त्यांचंही हो आहे. वाईट वाटून घेऊ नका. ठेकेदाराशी मी बोलतो, दुसरीकडे कुठे..."

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का वो भाऊ?"

मी उत्तर द्यायच्या आत निकम साहेब किंचित माझ्याकडे झुकले आणि हळू म्हणाले, "चूक तिची होती एवढंच येऊ दे. दोरीच्या नियमाचं काढू नका. आणि हे मी बोललो ते त्यांना सांगू नका."

मी घसा साफ केला आणि ओकुदा-सानना अत्यंत आदरार्थी जपानीत सांगितलं: "चूक तिची होती एवढंच येऊ दे. दोरीच्या नियमाचं काढू नका. आणि हे मी बोललो ते त्यांना सांगू नका."

आयुष्यात इतकं बिनचूक जपानी मी त्याआधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. प्रत्येक क्रियापद जागच्या जागी. क्लासच्या बाई असत्या तर त्यांनी पैकीच्या पैकी दिले असते.

ओकुदा-सान 'हाय' म्हणाले नाहीत. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि वर पाहिलं.

"काय सांगितलंत तुम्ही?" निकम साहेबांनी विचारलं.

"तुम्ही बोललात ते."

"त्यातलं कुठलं?"

"सगळं."

मग ओकुदा-सान मंदाताईंकडे वळले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही दोरी का ओढली?

"मऊ लागलं म्हनून वडली," मंदाताई म्हणाल्या. "मोजं नवं हुतं ते ध्यानात न्हाई आलं. चुकलं माझं. पर साहेब, परत तसं वाटलं तर परत वडीन. बिरीक हाय तो. कुनाचं तरी पोरगं बसनार त्या गाडीत. तुमाला न वडनारी बाई पायजे आसंल तर आत्ताच सांगा, मी मोजं ठिवून जाते."

मी ते 'मी' लावून जसंच्या तसं दिलं. बिरीकला मात्र जपानीतही बुरेकीच म्हणतात, त्यामुळे ओकुदा-साननी तो शब्द माझ्याआधी थेट त्यांच्याकडूनच घेतला होता.

"हाय," ते म्हणाले. लांबलेलं, खालच्या आवाजात. ते ऐकतोय म्हणणारं नव्हतं, आणि हो म्हणणारंही मला वाटलं नाही. इतकी वर्षं झाली, त्या एका 'हाय'चा अर्थ मला अजून कुठल्याच भाषेत लावता आलेला नाही. मग ते उभे राहिले, कमरेत वाकले आणि ठरलेला शब्द बोलले. मी नियमाप्रमाणे मराठीत म्हणालो, "मी तुमचा आभारी आहे."

"तुमी कशापायी?" मंदाताईंनी मला विचारलं.

ओकुदा-साननी निकम साहेबांना सांगितलं, की गिऱ्हाईकाला फोन मी करतो, नियम मी आणला आहे. हे मराठीत सांगताना मी साहेबांकडे बघत होतो. खरं सांगतो, त्यांचे खांदे खाली आले. सकाळपासून तो फोन त्यांच्या मानेवर बसून होता, तो कुणीतरी उचलला.

मंदाताई कामावर राहिल्या. माझा करार पुढे वाढला नाही. कारण लेखी काही नव्हतं, तोंडी एवढंच, की गोपनीयता राखली नाही. शेवटच्या दिवशी निकम साहेबांनीच मला काळेवाडी फाट्यावर सोडलं. गाडी थांबवून म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत असं मला वाटतं. पण राव, आता तुमच्यासमोर मी बोलू कसा?" पुढे दुसऱ्या कंपन्यांनीही बोलावलं नाही. चाकणमध्ये माल उशिरा पोचतो, बातमी नाही. शेवटी घरीच जपानीचा क्लास काढला. बाकं ठेवली आहेत, शेवटचं बाक ठेवलेलं नाही.

मला विचारतात, पश्चात्ताप होतो का? होत नाही. ती खोली पुन्हा दिली, तेच टेबल, तोच एसी, तर मी तेच बोलेन. ज्याला भाषांतरात आपल्या सोयीचं तेवढंच हवं असेल त्याने आरसा विकत घ्यावा. दुभाषी ठेवायचा तर तो सगळं सांगणार. चुटपुट आहे ती एकच, की आता कुणी 'हाय' म्हणालं तर ते कुठलं, हे तपासून बघायला जागा उरली नाही. बाकी दोरी अलीकडे मळकी दिसते, असं त्या लाइनीवरचे लोक सांगतात. म्हणजे हात लागतायत.

काही महिन्यांनी शनिवारच्या चाकणच्या बाजारात मंदाताई भेटल्या. कांदे निवडत होत्या. मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्याचं सांगितलं, आणि "वैनी जपानहून आल्या का?" असंही विचारून घेतलं. मी म्हटलं आता निघेल विषय. तो काही निघेना. शेवटी मीच पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणालो, "ताई, तुमच्यापायी माझी नोकरी गेली बरं का."

त्यांनी हातातला कांदा दाबून बघितला, बाजूला टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझ्यापायी? माझी नोकरी मी राखली भाऊ, खरं काय ते मी सांगितलं. तुमी त्या खोलीत सवताचं एक तरी वाक्य बोलला का? सायेब बोलला ते बोलला, मी बोलले ते बोलला. पानी आलं म्हनून नळाला कोन हार घालतंय?"